सुमीने नेलेलं विरजण

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला अर्धं ठाऊक आहे — पण अर्धं ठाऊक असून काय उपयोग?

चार वर्षांपूर्वी गुडगावच्या एका दवाखान्यात मी वजन कमी करायचं ऑपरेशन करून घेतलं. जठराचा मोठा भाग काढून टाकला. माहेरी सांगितलं, पित्ताशयात खडे झाले होते. पोटावरच्या खुणा साधारण सारख्याच — कोण तपासणार? खरं ऑपरेशन फक्त नवऱ्याला ठाऊक. लाज वाटत होती मला. आमच्याकडे जाडेपणा म्हणजे आळस, आणि त्यासाठी पोट कापून घेणं म्हणजे आळसाची कमाल.

डॉक्टरांनी समजावलं होतं, आता आतड्यातले जिवाणूही बदलतील. काही चांगले वाढतील, पण ते कायम टिकतील याची खात्री कुणी देत नाही. शिवाय जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर, तपासण्या, आणि जेवणात दही-ताक. दही म्हणजे ताटातली कोशिंबीर हो, जेवण नव्हे.

पण दिल्लीत आमच्या लक्ष्मीबाई नगरातल्या हळदीकुंकवाला बायकांनी गाठलं. "अगं यार, बिल्कुल निम्मी झालीस! केलंस काय?"

मी म्हणाले, दही. घरी लावलेलं, रोजचं. पोटातले जिवाणू सुधारले की वजन आपोआप उतरतं. त्यात थोडं खरं होतं ना — म्हणूनच जीभ अडखळली नाही. पुढे आठवडाभर वाट्या घेऊन बायका विरजण मागायला दारात. मला हसू यायचं. खोटं कशाला बोलू, आवडायचंही.

मग नाशिकहून धाकटी बहीण आली, सुमी. माझ्याहून जाड आणि माझ्याहून कितीतरी गोड. निघताना तिने माझं विरजण स्टीलच्या डबीत घेतलं, सांडू नये म्हणून रेल्वेत मांडीवर धरून नेलं. दोन वर्षं रोज त्याच विरजणाचं दही लावलं, एक दिवस खंड नाही. वजन तसूभर हललं नाही. तर मलाच समजवायची — दही चांगलंच आहे गं ताई, माझ्यातच चिकाटी नाही. तेव्हा का नाही सांगितलं? तिच्या नजरेत मी मोठी झाले होते. तिथून खाली उतरवेना — एवढंच.

मागच्या वर्षी तिची साखर फार वाढली. तिथल्या डॉक्टरांनी तेच ऑपरेशन सुचवलं. तिचा फोन आला. "ताई, तुला नुसत्या दह्याने जमलं. मग मी कशाला पोट कापून घेऊ? नाही म्हणू ना?"

मी — मी म्हणाले, "तुला वाटेल तसं कर, बाळा."

तिने नाही म्हणून कळवलं. आता दिवसातून दोनदा इन्सुलिन टोचून घेते. परवा हसत म्हणाली, सवय झाली गं. माझा तिच्यावर फार जीव आहे. आणि तिला मी अजून सांगितलेलं नाही.