मक्याचा दाणा आणि काकांची कवळी

काका गेल्याचं कळलं तेव्हा मी बँकेत काउंटरवर होते. धावड्याहून काकूंचा फोन आला. "माय, काका गेले गं. चहा मागितला, अन् चहा व्हायच्या आत..." नवीन जालन्यातून गावी पोचेपर्यंत माझ्या डोक्यात एकच बावळट प्रश्न होता : कवळी तोंडात होती का नव्हती? लाज वाटली मनाची. पण शेवटची दोन वर्षं आमच्या घरात त्या कवळीशिवाय दुसरा विषयच नव्हता, त्याला मी तरी काय करू? नव्हती म्हणे. बरंच झालं, ती त्यांना कधी मानवलीच नाही.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. सगळी नोकरी त्यांनी जालन्यातल्या एका बियाणे कंपनीच्या गोदामात केली, आलेला माल पारखून घ्यायची. ओलावा सांगायला यंत्र होतं, पण काका आधी दाणा दाढेखाली धरून फोडायचे. खणखणीत वाजला तर वाळलेला, दबका वाजला तर ओला. यंत्र मागून तेच सांगायचं. निवृत्त होऊन गावी आले तरी मका निघाला की लोक मूठभर दाणे घेऊन ओट्यावर हजर. "अण्णा, भरू का पोत्यात?" ओला मका भरला तर आतून तापतो, बुरशी धरते, वर्षाची मेहनत पाण्यात जाते. काकांनी मान हलवल्याशिवाय आमच्या आळीत पोत्याचं तोंड शिवलं जात नसे. गावातला त्यांचा सगळा मान त्या दाढांवर होता.

अन् त्या दाढाच गेल्या. रक्तातल्या साखरेनं हिरड्या पोखरल्या होत्या, दात हलायला लागले. दोन खेपांत अकरा काढले. सुटी काढून गावी यायचं आणि स्कूटरवर मागं बसवून तालुक्याच्या दवाखान्यात मीच नेत होते. दुसरा माणूस दातांच्या डॉक्टरकडे घाबरतो. आमचे काका तिथं शाळा तपासायला आल्यासारखे. हा चिमटा कशाचा, भूल नेमकी कुठं जाते, सगळ्या दातांची मुळं सारखी का नसतात? काढलेले दात कागदात बांधून घरी आणले आणि खाटेवर मांडून बघत बसले. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, कापूस दाबून ठेवा, दिवसभर चूळ भरू नका. हे महाशय दर पाच मिनिटांनी कापूस काढून दाढीच्या आरशात डोकावत होते. वर स्वच्छ असावं म्हणून मिठाच्या पाण्यानं खळखळून चुळा! तिसऱ्या दिवशी कानापर्यंत ठणका. डॉक्टरीणबाई वैतागल्या. "काका, खड्ड्यात रक्ताची गाठ धरते, तीच त्याची खपली. तुम्ही ती धुऊन काढलीत. आता खाली हाड उघडं पडलंय."

"मंग नवी गाठ कुठून येती?" ठणक्यानं डोळ्यांत पाणी, आणि माणूस हे विचारतोय! मी कपाळावर हात मारला.

साखरेमुळं जखमा भरायला महिने लागले. एक दिवस सकाळी फोन. "माय, जल्दी ये. दात उगवून राह्यला!" हिरडीतून पांढरं टोक वर आलं होतं. जन्मभर बियाणं हाताळलेला माणूस, त्याला कोंबच दिसणार! डॉक्टरीणबाईंनी बघितलं. हाडाचा कण होता, जखम भरताना बाहेर पडतो म्हणाल्या. काकांनी तो कण मागून घेतला आणि परतताना स्कूटरवर मुठीत धरून बसले. मी आधी हसले होते, ते मला नंतर फार लागलं.

मग कवळी. उरलेसुरलेही दात काढून वरची-खालची पूर्ण कवळी बसवली. कडा रुतायची, आतून सोललं जायचं. डॉक्टरकडे जाऊन घासून आणायची तर काकांनी घरीच पॉलिश पेपर लावला आणि इतकी घासली की ती बोलताना हलायला लागली. मी जाम चिडले. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं कारागिरी करायला?" तर म्हणतात कसे, "कुठं टोचतंय ते मलाच बराबर ठाऊक न."

त्याच वर्षी मक्याच्या हंगामात शेजारचे नामदेवभाऊ मूठभर मका घेऊन आले. त्यांच्या वडलांनी मेंढरं विकून शेती धरली, तेव्हापासूनचा घरोबा. काकांनी नव्या कवळीनं दाणा फोडला. काहीच कळलं नाही. पण समोर चार माणसं बसलेली... "भर," म्हणाले. महिन्याभरानं पोत्यात हात घातला तर मका गरम, बुरशीनं काळाहिरवा. काका स्वतः त्यांच्या दारात गेले. मी सोबत होते. "नामदेव, तुहा मका मी खराब केला. मला कळलंच न्हाई अन् मी भर म्हन्लो."

नामदेवभाऊंनी आधी काकांना खाटेवर बसवलं. मग म्हणाले, "मका जाऊ द्या, अण्णा. पर कळंना झालंय हे मला सांगायचं न्हाई का?"

त्या दिवसापासून काकांनी दाणा तोंडात घातला नाही. कुणी आलं तर आतूनच काकूंना नाही म्हणायला लावायचे. मला वाटलं, माणूस संपला आता. पण खोड जाईल कशी! पुढल्या वेळी डॉक्टरीणबाईंना विचारलंच, कवळीनं दाणा फुटतो, मग उमगत का नाही? त्या म्हणाल्या, आपला दात हाडात रोवलेला असतो, आवाज हाडातून कानात जातो; कवळी नुसती हिरडीवर टेकलेली. काका खुर्चीत ताठ बसले. "म्हंजे एवढी वर्षं मी कानानं ओळखत होतो?"

यंदा दिवाळीला मी गावी होते. नामदेवभाऊ पुन्हा आले, मुठीत मका. काका म्हणाले, "मला न्हाई कळत आता, तुला ठाऊक हाय." नामदेवभाऊ उठेनात. काकांनी माझ्याकडं बघितलं. "माय, तुह्या दाढा बऱ्या हैत न? ये इकडं." मला दाणा दिला आणि आपला कान माझ्या गालाला लावला. दाढीचे खुंट टोचत होते. "फोड." एक फोडला. "अजून एक. दम धर." तिसऱ्याला त्यांचा चेहरा असा उजळला! "ओला हाय, नामदेव. भरू नको." मग मला म्हणाले, "तुला काय ऐकू आलं?" मी म्हटलं, काही नाही, कट् झालं. "कट् कुठं झालं? परत ऐक." संध्याकाळपर्यंत ओले-सुके दाणे फोडून माझा जबडा दुखला. एवढे खूश मी त्यांना दोन वर्षांत पाहिले नव्हते.

त्यानंतर पंधरा दिवसांत गेले.

तेराव्याचं जेवण आटोपल्यावर वस्तीवरच्या एक मावशी आल्या. त्यांना काही माहीत नव्हतं. काकूंनी सांगितलं तशा त्या ओट्यावर बसल्या. पदराच्या गाठीत मका होता, ती गाठ त्या सोडीनात आणि लपवीनातही. मीच हात पुढं केला. पहिला दाणा फोडला, काही कळलं नाही. दुसऱ्यालाही नाही. तिसऱ्याला दबका, बसका आवाज आला, स्पष्ट.

"मावशी, ओला आहे. इतक्यात भरू नका," मी म्हणाले. तेव्हा काकूंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि मला कळलं की मी गाल तिरका धरून बसले होते, कुणाला तरी कान लावता यावा म्हणून.