खंडेनवमीचे हेल्मेट

दौलतरावांना जुन्या लष्करी हेल्मेटांचा नाद होता आणि घरच्यांना त्या नादाची चीड. दापोडीच्या दोन खोल्यांत एकोणीस पोलादी हेल्मेटे ओळीने मांडलेली. गंजलेले असो की चेपलेले, जसे मिळाले तसेच ठेवायचे, हा त्यांचा नियम. आल्यागेल्याला ते तो ऐकवत. मेव्हण्याला, बाळूला, तो कधीच पटला नाही. बाळूचे भोसरीत पावडर कोटिंगचे, म्हणजे लोखंडावर रंग भाजून चढवायचे, शॉप होते. गंज दिसला की त्याचे हात शिवशिवत.

यंदा भंगारात मिळालेल्या एका हेल्मेटाच्या आतल्या बाजूला पांढऱ्या रंगाने नंबर आणि नाव लिहिलेले होते. चार महिने पत्रे पाठवून दौलतरावांनी माणूस शोधला. चऱ्होलीचा तो शिपाई दुसऱ्या महायुद्धातून परतलाच नव्हता. त्याची लेक ठकुबाई ऐंशीच्या पुढची. घरात बापाचा साधा फोटोही नव्हता. निदान त्याच्या नावावरून हात फिरवावा, म्हणून ती दसऱ्याला येणार होती.

खंडेनवमीला कंपनीतली पूजा उरकून दौलतराव घरी आले, तर ते हेल्मेट झेंडूच्या माळेत, हिरवेगार, चकचकीत. आतूनसुद्धा.

"दाजी, हत्यारच की ते. गंजकं कसं पुजायचं?" बाळू म्हणाला. ब्लास्टिंगच्या वाळूने गंज उडवून, रंग देऊन, भट्टीत घालून, सगळे फुकट करून दिले होते, आणि वर शाबासकीची वाट पाहत उभा होता. दौलतरावांनी कपाळावर हात मारला. या माणसाला बोलून तरी काय उपयोग?

दुसऱ्या दिवशी ठकुबाई आली. तिने आतून बोट फिरवले. पुन्हा फिरवले. दौलतरावांनी मान खाली घालून झाला प्रकार सांगितला, मोबाइलमधला नावाचा फोटो दाखवला. तो बघून ती बाळूकडे वळली.

"तूच पुसलंस न्हवं? मग तूच घाल."

बाळूकडे नाव कोरायचे हातमशीन होते. पण ते कालच पुजले होते, आणि पुजलेले हत्यार दसऱ्याला चालवत नाहीत, असे तो पुटपुटला.

"माज्या बापाचं नाव हाय त्ये. थांबायला मला किती वर्सं उरल्यात?"

बाळू भोसरीहून मशीन घेऊन आला. जुन्या पोलादावर नवी अक्षरे, या कल्पनेनेच दौलतरावांच्या अंगावर काटा आला. पण गोल हेल्मेट हलत होते, कुणीतरी धरायला हवे होते. धुसफुसत ते खाली बसले आणि हेल्मेट मांडीवर उलटे घट्ट धरले.

"होतं त्याच जागी," ते म्हणाले. "आणि ओळ सरळ येऊ दे."