समुद्राचा सातबारा

पालघरच्या कचेरीत उत्पन्नाचे दाखले लिहिणारे एक कारकून होते. कॉलेजची फी माफ व्हायची तर अर्ज त्यांच्याच टेबलावरून जाई. प्रत्येक अर्ज ते सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचत, आणि 'विधवा' हा शब्द आला की थांबून चष्म्यावरून बघत.

आम्ही मायलेकी तिसऱ्यांदा गेलो तेव्हा मुदतीचा एकच दिवस उरला होता. आईच्या लुगड्याला सुक्या बोंबलांचा वास येत होता. नाकाला रुमाल लावून ते म्हणाले, "जमीन नाही म्हणतेस, मग उत्पन्नाला पुरावा काय? समुद्राचा सातबारा आण."

तेवढ्यात सफाळ्याचे एक बागायतदार मुलाला घेऊन आले. त्यांना खुर्ची मिळाली आणि एकही प्रश्न न विचारता दाखला मिळाला.

"त्यांची वाडी तुमाला दिसत नाय, नि आमची गरिबी पन दिसत नाय?" एवढंच बोलून आई थेट मामलेदारांच्या खोलीत शिरली. त्यांनी सगळं ऐकलं आणि सही केली.

कारकुनांनी शिक्का मारला, शाईवर फुंकर घातली आणि मला म्हणाले, "शिकून माझं नाव काढ हो."

मी शिकले, शाळेत शिकवू लागले. त्यांचं नाव मात्र कुठंही काढलं नाही.