उसनं घर

रंगारी म्हणजे एक अजब माणूस होता. चौथ्या मजल्याच्या खिडकीबाहेर लाकडी परांचीवर उभा राहून, एका हाताने दोर धरून तो भिंत रंगवायचा, आणि रस्त्यावरची माणसं माना वर करून थक्क होऊन बघत राहायची. त्याच्या बायकोला ते बघवायचं नाही. ती डोळे झाकून घ्यायची आणि मग बोटांच्या फटीतून बघायचीच. कुणी विचारलं, "काय रंगारी, जमेल का?" की याचं उत्तर ठरलेलं, "न जमायला काय झालं?"

मग एक दिवस पाय घसरला. जीव वाचला हेच नशीब, पण उजवा खांदा निकामी झाला आणि पाठीतला जोर गेला. वर्ष होत आलं. बायको शिंप्याच्या दुकानात काजं-बटणं करून घर ओढत होती, आणि आता तेही ओढवेना. अपघाताने काम सुटलेल्यांना सरकारी भत्ता मिळतो असं कळलं, तेव्हा तिने खेटे घालून अर्ज केला. तपासणीच्या बाई घरी येऊन बघणार होत्या. त्यांनी 'हो' म्हटलं तर चूल पेटती राहणार होती. 'नाही' म्हटलं तर खोली सोडावी लागणार होती.

आणि या पठ्ठ्याने काय केलं? बायको कामाला गेल्यावर शेजाऱ्यांना गोळा केलं. "सरकारी पाहुण्या यायच्यात, घर कसं घरासारखं दिसलं पाहिजे!" शिंप्याने गादीची खुर्ची आणून ठेवली, समोरच्या मास्तरीणबाईंनी पडदे लावले, खालच्या आजींनी काचेचे कप मांडले. बायको बाईंना रस्ता दाखवत घरी आली, तर तिला आपलंच घर ओळखू येईना. तिने कपाळावर हात मारून घेतला.

बाई खुर्चीत टेकल्या. चौफेर नजर फिरवली.

"छान ठेवलंय घर. त्रास काय होतो तुम्हाला?"

"त्रास कसला! ठणठणीत आहे," रंगारी म्हणाला.

"हात वर जातो?"

"जातो की."

"मग कामाला जाल?"

"न जमायला काय झालं?"

बाईंनी फाइल मिटली. आता सांगा, काय म्हणावं या माणसाला!

इतक्यात शिंपी आत आला. "बाई, जरा उठता का? खुर्ची माझी आहे." मागोमाग मास्तरीणबाई आल्या आणि पडदे उतरवू लागल्या. आजी कप न्यायला आल्या; "चहा तेवढा पिऊन घ्या आधी," असं बाईंना बजावायला मात्र विसरल्या नाहीत. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. दाराआडून ऐकत होते सगळे, दुसरं काय! बघता बघता खोलीत एक चटई आणि एक पेटी उरली. लाज झाकायला आलेली माणसं तीच लाज उघडी करून, मान खाली घालून निघून गेली.

बाई चटईवर बसल्या. रागावल्या नाहीत.

"दादा, ही भीक नाही. काम करता येत नाही अशा माणसाचा हा हक्क आहे. पण काय जमत नाही ते तुम्हीच सांगितलं नाहीत, तर मी लिहू काय?"

रंगाऱ्याला घाम फुटला. बायकोला वाटलं, आपणच सांगावं की शर्टाची बटणंसुद्धा मी लावते. पण तिने ओठ आवळले. हे त्याचं त्यानेच बोलायला हवं होतं.

"हात खांद्याच्या वर जात नाही," तो म्हणाला. "भरलेली बादली उचलवत नाही." मग डाव्या हाताने उजवा खांदा चाचपला. "पोरगी म्हणते, उचलून घे. मी सांगतो, तू मोठी झालीस आता, मोठ्या मुलांना उचलत नाहीत. चार वर्षांची आहे हो ती."

बायको बघतच राहिली. 'मी मोठी झाले' असं पोरगी हल्ली गल्लीभर सांगत फिरायची, आणि हिला त्याचं कौतुक वाटायचं. देवा! वर्षभर हे त्याने एकट्याने पोटात ठेवलं होतं. आणि आज परक्या बाईसमोर, नजर न चुकवता बोलला. केवढं बळ लागलं असेल त्याला! तिला भरून आलं.

"शिफारस करते मी," बाई म्हणाल्या आणि लिहायला लागल्या. पुढच्या महिन्यापासून भत्ता सुरू झाला.

पण बाई येऊन गेल्या त्याच संध्याकाळी रंगाऱ्याने पोरीला जवळ बोलावलं. "तू लहानच आहेस गं अजून. बाबाचा खांदा चालत नाही, म्हणून उचलत नाही तुला."

पोरगी विचारात पडली. खांद्याला हात लावून बघितला.

"मग तू खाली बस ना," ती म्हणाली. "मीच चढते."