एअरगनची दुर्बीण आणि पलीकडचा डबा

एअरगनचा चाप ओढला आणि तिच्यावरच्या दुर्बिणीची कड माझ्या उजव्या भुवईत बसली. आधी दुखलं नाही. मग डोळ्यात गरम पाणी गेल्यासारखं वाटलं आणि समोरचा आंबा लाल दिसायला लागला. हृदयासाठी मी रक्त पातळ करायची गोळी घेते. त्यामुळे रक्त एकदा सुरू झालं की थांबायचं नाव घेत नाही. पदर दाबून धरला, तो भिजला. उठायला गेले तर अंगण फिरलं, म्हणून पडवीच्या पायरीवर परत बसले. माकडं आंब्यावरून माझ्याकडे बघत होती. त्यांनी खाणं काही थांबवलं नव्हतं.

वाडीत तेव्हा दोनच घरं उघडी होती. एक माझं आणि एक जांभ्या दगडाच्या गडग्याच्या कुंपणापलीकडे माझ्या धाकट्या चुलत जावेचं. बाकीच्यांची कुलपं शिमग्याला आणि गणपतीला उघडायची. जावेचं आणि माझं बोलणं नव्हतं. गडग्यावर एक फणस होता. तो कोणाचा यावरून आम्ही भांडलो. पुढे वादळात फणस पडला, पण भांडण उभं राहिलं.

फोन आत माजघरात होता. तो हाताशी असता तरी मुलाला केला नसता. तो मुंबईहून गाडी काढून आला असता आणि मला घेऊनच गेला असता. नाहीतरी प्रत्येक वेळी तो तेच म्हणायचा, "आई, एकटीला काही झालं तर कळणार कोणाला?" मला माझं घर सोडायचं नव्हतं. बाकी कशाची मला तेव्हा भीती वाटली नाही.

पडवीच्या खांबाला तेलाचा रिकामा डबा टांगलेला असतो, शेजारी काठी. बसल्या बसल्या हात पोचत होता. मी डबा वाजवला.

आमच्याकडे हा डबा म्हणजे निरोप. माकडांचा कळप एका घरून हाकलला की दुसऱ्या घरी जातो. म्हणून हाकलायच्या आधी डबा बडवायचा, म्हणजे पुढच्या घरचं माणूस काठी घेऊन परसात उभं राहतं. पुढच्याने ऐकलं की तोही वाजवतो. जाऊ आणि मी बोलत नव्हतो तरी डबा वाजवत होतो. डब्याला आम्ही बोलणं धरत नव्हतो.

मी वाजवला. पलीकडून तिचा डबा वाजला. म्हणजे ती आपल्या दोडक्याच्या मांडवाखाली जाऊन उभी राहिली. मी परत वाजवला, तिनेही परत वाजवला. "माकडं आली" एवढंच त्या डब्याला सांगता यायचं. "तू ये" असं सांगायला त्यात काही नव्हतं. आणि तोंडाने हाक मारायची तर फणसापासूनचं सगळं गिळावं लागणार होतं.

ही दुर्बीण आली कशी, ते सांगते. एअरगन नवऱ्याची. माकडावर गोळी त्याने कधी घातली नाही, मीही घातली नाही. मारुतीचं जनावर ते. आम्ही झाडाझाडांत पत्र्याचे डबे टांगले होते आणि त्यांच्यावर नेम धरायचो. खालून डबा बडवलेला माकडांना सवयीचा झाला होता. पण कानाजवळचा डबा आपोआप टण्णकन वाजला की ती बिचकून निघायची. नवरा गेल्यावर ते काम माझ्याकडे आलं. पुढे माझे डोळे गेले. एकाचा मोतीबिंदू काढला, दुसऱ्याचा राहिला. बंदुकीची मागची खाच, पुढचा मणी आणि झाडातला डबा, तिन्ही एकदम स्पष्ट दिसेनात. एक धरलं की दोन पुसट. दुर्बिणीत तसं नसतं. काच, फुली आणि डबा एकाच जागी दिसतात.

रत्नागिरीच्या बाजारात एक दुकान आहे. गळ, जाळ्याचा दोरा, बॅटऱ्या आणि एअरगन, सगळं एका कपाटात.

"आजी, कशाला हवी दुर्बीण?" दुकानदाराने विचारलं.

"माकडांसाठी."

"मारणार?"

"मारायची असती तर ती दुर्बिणीची वाट बघत राहिली असती काय?"

त्याने तीन दुर्बिणी काढल्या. एक बोटाएवढी बारीक. तिच्यातून बघितलं तर भर दुपारी तिन्हीसांज. दुसरी आखूड, चारपट मोठं दाखवणारी, फिरवायला काही नाही. तिसरी लांबलचक. नऊपट मोठं दाखवायची आणि आत लाल-हिरवा दिवा.

"चारपटवाली घ्या," तो म्हणाला. "तुमची बंदूक स्प्रिंगची. ती मागेही हिसका देते आणि पुढेही. असला लांब माल तिच्यावर टिकत नाही. आणि दुर्बीण बंदुकीवर बसवायची ही पकड पण घ्या, हिला मागे खिळा आहे, सरकत नाही."

मला वाटलं, खपत नाही ते माझ्या गळ्यात मारतोय. लांबवालीची किंमत जवळजवळ तेवढीच होती. मासळी घेताना मी अशी फसत नाही. मोठी पापलेटं स्वस्त दिसली की आधी कल्ला उघडून बघते. इथे कल्ला कुठे असतो ते मला ठाऊक नव्हतं. मी लांबवाली घेतली आणि तिच्याबरोबर आलेल्या पातळ कड्यांवरच बसवली.

सुरुवातीला बरी चालली. काजूला डब्याचं झाकण टांगून, नाण्याने स्क्रू फिरवून नेम जुळवला. नऊपटीत चित्र नुसतं थरथरायचं, म्हणून डोळा जवळ न्यायची सवय लागली. आणि मी खालचा डबा वाजवणं बंद केलं. वाजवला की माकडं फांद्या बदलतात, मग नेम धरायचा तो चुकतो. गुपचूप बसायचं आणि गोळी घालायची. माझ्या आंब्यावरून ती पळायची ती सरळ जावेच्या परसात, आणि तिला पत्ता नसायचा. तिच्या शिव्या गडग्यावरून यायच्या. नाव न घेता, पण मलाच.

दुर्बीण प्रत्येक गोळीला तांदळाच्या दाण्याएवढी मागे सरकत होती. मला ते कळलं नाही. शेवटी ती माझ्या भुवईपर्यंत आली.

तर मी पायरीवर, आणि जावेचं डब्यावर डब्याने उत्तर. मी हाक मारली नाही. काठी थांबवली नाही, एवढंच केलं. माकडांसाठी कोणी इतका वेळ डबा वाजवत नाही. माकडं कधीच कंटाळून निघून गेली होती, आणि मी वाजवतच होते. मग पलीकडचा डबा बंद झाला. गडग्याचा एक दगड खाली पडला आणि जाऊ काठी घेऊन अंगणात उभी.

"वयनी, आहात की गेलात?"

"आहे. तुझ्या नशिबाने."

"इतके दिवस डबा मुका होता, आज काय वरात आली? मी म्हटलं, म्हातारीला भूत लागलं." मग तिने पदराखालचं बघितलं. "अगो बाई! हे काय, माकडाने बंदूक हिसकून घेतली?"

"दुर्बिणीने मारलं."

"बरं केलंन," ती म्हणाली आणि आत जाऊन धुतलेलं लुगडं फाडून आणलंन. तिने माझं डोकं आपल्या मांडीवर घेऊन भुवई दाबून धरली. हात जड होता तिचा. रक्त कमी झाल्यावर तिने रिक्षा बोलावली आणि सरकारी दवाखान्यात टाके पडेपर्यंत बाकावर बसून राहिली.

येताना मी म्हटलं, "तुझा मुलगा माझ्या मुलाला सांगेल."

"मी सांगितलं तर सांगेल ना. पण यापुढे आधी डबा वाजवायचा, मग काय त्या गोळ्या घालायच्या. माझे दोडके काय फुकट आलेत?"

मी हो म्हटलं. मुलाचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा डोक्यावरून पदर भुवईपर्यंत ओढून बसले. "आई, पदर कधीपासून?" त्याने विचारलं. "देवळात जायचंय," मी म्हटलं. जाऊ बाजूला शेंगा सोलत होती. तिने तोंड दुसरीकडे केलं.

दुर्बीण बदलायला आम्ही दोघी गेलो. दुकानदाराने भुवईकडे बघितलं आणि न विचारता आखूडवाली पुढे ठेवली. या वेळी मी कल्ला शोधला. रस्त्याच्या उजेडात नाही बघितलं, दुकानाच्या काळोख्या कोपऱ्यात बघितलं, कारण माकडं सावलीत बसतात. डोळा आणि काच यांच्यात चार बोटं ठेवून पूर्ण गोल दिसतो का ते बघितलं. दिसला. पकडीचा खिळा बंदुकीच्या भोकात बसतो का, ते बंदूक बरोबर नेऊन बसवून घेतलं. जावेने दुर्बीण घेऊन समोरच्या दुकानावर लावली.

"वयनी, तो गल्ल्यावरचा नाक कोरतोय. स्पष्ट दिसतंय. हीच घ्या."

ती दुर्बीण अजून सरकलेली नाही. पहिलीच दुर्बीण घेणाऱ्याला मी हेच सांगते. लहान घ्या, उजेड बघा, डोळ्यापासून लांब ठेवा, आणि पकड दुर्बिणीइतकीच बघून घ्या.

डब्यालाही आम्ही एक नवीन खूण दिली. थांबून थांबून तीन ठोके म्हणजे "ये". अडचणीसाठी ठरवली होती. जाऊ ती चहा टाकला की वाजवायची, आमटीत मीठ जास्त पडलं तरी वाजवायची. मी चिडायचे आणि जायचे. फणसाचा विषय दोघींनी परत काढला नाही.

मग ती विहिरीवर घसरली. हाड मोडलं नाही, नुसता पाय मुरगळला. पण तिच्या मुलाने ऐकलं नाही. तो आला आणि तिला आपल्याकडे घेऊन गेला. जाताना ती गाडीत पुढे बसली होती, माझ्याकडे बघत नव्हती. दोन पावसाळ्यांनी ती तिकडेच वारली. मला फोनवर कळलं.

आता माकडं आली की मी डबा वाजवते, मग गोळी घालते. पलीकडचं घर बंद आहे. दोडक्याचा मांडव मोडला, माकडं तिथे निवांत बसतात. तीन ठोके मी देत नाही. मुलगा अजून विचारतो, काही झालं तर कळणार कोणाला. मी विषय बदलते.

त्या दिवशी अंगणात आम्ही दोघी होतो. ती गेली. मी आहे.