मुरलेला पेडल

ऑर्केस्ट्रातली माझी नोकरी टिकली ती निपाणीच्या तंबाखू वखारीतल्या एका आक्कामुळं. तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

वखारवाल्यांच्या घरी लग्न होतं, म्हणून आम्ही दुपारी वखारीतच तालीम करत होतो. गिटारचा आवाज खरखरीत करायचा पायाखालचा पेडल त्या दिवशी अगदीच मऊ वाजला. आमचे मास्तर भडकले. "जुना पेडल लाथा घालून मारलास. उद्या लातूरची गाडी धर." सातवीत शाळा सोडलेला मी घरी जाऊन काय करणार होतो?

आक्का पानं निवडत होती. वास घेतल्याशिवाय एकही पान ती टोपलीत टाकत नसे. ती उठली, पेडल उचलून त्याचाही वास घेतला.

"मास्तर, मेलं न्हाय हे, मुरलंय. नवा माल नुसता ठसकतोय, मुरलेला गप डोस्क्यात चढतोय."

मास्तरांच्या गालात तंबाखूचा बार होता. त्यांनी डोळे मिटून पुन्हा ऐकलं. "व्हय की रं."

पेडल वयानं मुरतो की मंदावतो, मला अजून ठाऊक नाही. आवाज पुन्हा ठसकेल या भीतीनं मी त्याची बॅटरीही बदलली नाही.

निघताना तिनं विचारलं, "ह्याच्यावर हळदीचं गाणं वाजतंय का रं?" तेव्हा मला येत नव्हतं. आता शिकतोय. एक दिवस वखारीत जाऊन तिला ऐकवणार आहे.