ताईनं पकडलेल्या चोरट्या हाका

डीबगर उघडला की ताईच्या अंगात वारं शिरायचं. चालत्या प्रोग्रामला हवं तिथं अडवून त्याच्या पोटात काय चाललंय ते बघायचं, हा तिचा रोजचा धंदा. व्हायरस जितका लबाड, तितकी ताई खूश. शेजारच्या टेबलावरची मंडळी तिच्या खिदळण्याला कधीच विटली होती.

आज मात्र प्रकरण घरचं होतं. तिची धाकटी बहीण रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. पेशंटचे रिपोर्ट धाकटीच्या कॉम्प्युटरवरून, तिच्याच लॉगिननं, रोज कुणाकडे तरी जात होते. लॅबच्या डॉक्टरीणबाईंनी तिला स्पष्ट सांगितलं होतं, आज चारपर्यंत खुलासा दे, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस. त्या कॉम्प्युटरवर सापडलेला एक प्रोग्राम ताईनं उचलून आणला होता आणि जगापासून तोडलेल्या मशीनवर चालू केला होता.

प्रोग्राम दिसायला अगदी साळसूद. कॉम्प्युटरकडून काम करून घ्यायचं तर त्या त्या कामाच्या फंक्शनला नावानं हाक मारावी लागते. या भामट्यानं एकही नाव लिहून ठेवलं नव्हतं. नुसते आकडे. ऐन वेळी आकड्यावरून फंक्शन हुडकायचं, हाक मारायची आणि नामानिराळं व्हायचं.

पहिल्या खेपेला ताईनं घाईत माती खाल्ली. हाकेच्या आत शिरायची कळ सोडून ओलांडून जायची कळ दाबली, आणि प्रोग्राम स्वतःला पुसून पसार. "लबाड कुठला," ताई लाडानं म्हणाली आणि मशीन पुन्हा पहिल्यासारखं करून घेतलं. आता तिनं नेमकं तिथंच अडवलं, जिथं आकड्यावरून फंक्शन हुडकलं जात होतं. मग काय, नावं पटापट बाहेर पडू लागली. फाइल शोध. फाइल वाच. बाहेर पाठव. आणि मध्येच एक विचित्र हाक: शेवटची कळ कधी दाबली गेली, दहा मिनिटं झाली का?

ताई खुर्चीतच उडाली.

साडेतीनला धाकटीला घेऊन डॉक्टरीणबाई आल्या, कपाळाला आठ्या घालून. ताईनं त्यांना बसवलं. "आता दहा मिनिटं कुणी कशाला हात लावायचा नाही."

तिघी हाताची घडी घालून बसल्या. धाकटीचं नाक खाजायला लागलं. ताईला हसू आवरेना, तिनं पदर तोंडात कोंबला. डॉक्टरीणबाईंचे ओठही थरथरायला लागले. बरोबर दहा मिनिटं झाली आणि डीबगरनं प्रोग्रामला आपोआप अडवलं. पडद्यावर 'पाठव' हे फंक्शन आणि त्याच्या हातात ताईनं मुद्दाम ठेवलेली खोट्या रिपोर्टची फाइल.

"कुणी बसलेलं नसतं तेव्हाच पाठवतो हा," ताई म्हणाली. "रिपोर्ट किती वाजता गेलेत?"

"रोज सव्वा वाजता." डॉक्टरीणबाईंनी बोटांवर हिशेब केला. मग हळूच म्हणाल्या, "तेव्हा ही जेवायला असते. माझ्याच समोर." धाकटीकडे वळून त्या म्हणाल्या, "चुकलं माझं. उद्या नेहमीच्या वेळेला ये."

त्या गेल्यावर ताईनं खुर्चीतच गिरकी घेतली. "बघितलंस? कसा गचांडी धरून आणला."

धाकटी अजून पडद्याकडेच बघत होती.

"ताई," ती म्हणाली, "सगळे इतक्यांदा म्हणाले ना, की मलाच वाटायला लागलं होतं, मीच पाठवले असतील."

ताईची खुर्ची थांबली. तिनं धाकटीला जवळ ओढलं आणि बराच वेळ सोडलं नाही.